नैरोबीला पहिल्यांदा जाताय आणि एखादं चिल्ड्रन्स होमही बघणार आहात? जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की नवऱ्याच्या ऑफिसच्या कामासाठी तीनेक आठवडे नैरोबीला जायचंय, सोबत नऊ वर्षांची लेक आहे, आफ्रिकेत पहिल्यांदाच पाऊल ठेवताय, तर शहर कितपत सेफ आहे, आणि तिथल्या सहकाऱ्यांनी एका शनिवारी चिल्ड्रन्स होमला न्यायचं ठरवलंय तर काय घेऊन जावं, पैसे किती द्यावेत, लेकीला न्यावं का.

मी या कामात बरीच वर्षं आहे, आधी पुण्यात बालगृहात आणि मग नैरोबीत, जिथे माझं मुख्य काम संस्थेत राहणाऱ्या मुलांची घरं शोधून त्यांना परत घरी नीट पोचवायचं होतं. तुमचा प्रश्न वाचून मला वाटलं ते सरळ सांगते: शहराबद्दल तुम्ही गरजेपेक्षा जास्त घाबरलायत आणि होमबद्दल गरजेपेक्षा जास्त निर्धास्त आहात. माझ्या मते हे उलटं असायला हवं. चहा घेऊन बसा, कारण दोन्हीवर बोलायचंय.

आधी शहर. मुंबईहून थेट विमान असेल तर साधारण सहा तास, घड्याळ अडीच तास मागे. आणि बाहेर पडल्या पडल्या जाणवते ती थंडी! आपल्याकडचे सगळे आफ्रिका म्हणून सुती कपडे आणि सनस्क्रीन भरून येतात आणि पहिल्याच संध्याकाळी नवऱ्याचा स्वेटर मागतात. नैरोबी साधारण सतराशे-अठराशे मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहून बरंच उंच, त्यामुळे विषुववृत्त जवळ असलं तरी जून ते ऑगस्ट आभाळ भरलेलं आणि सकाळी चांगलीच हुडहुडी. याच उंचीमुळे शहरात मलेरियाचा धोका खूप कमी आहे, पण समुद्रकिनाऱ्यावरच्या मोंबासा किंवा व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूच्या बाजूला जाणार असाल तर डॉक्टरला गोळ्यांचं आधीच विचारून घ्या. दिवस-रात्र वर्षभर जवळजवळ सारखी, सकाळी साडेसहाच्या सुमाराला उजाडतं आणि संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला अंधार, तोही झपकन पडतो, आपल्यासारखी लांबलचक तिन्हीसांज नसते. त्यामुळे फिरायचं ते सहाच्या आत, मग गाडीने, एवढा एक नियम पाळलात तर अर्धी काळजी मिटली.

एअरपोर्टवरून शहरात येताना बहुतेक टॅक्सीवाले २०२२ ला सुरू झालेल्या एक्सप्रेसवेवरून आणतात, सत्तावीस किलोमीटरचा, काही भाग खांबांवरून जाणारा रस्ता, टोल भरायचा आणि खालच्या मोंबासा रोडचं ट्रॅफिक वरून बघत यायचं. रस्त्याकडेच्या बाभळींवर मॅराबू नावाचे टकले, छातीएवढे उंच करकोचे बसलेले दिसतात, लेकीला दाखवा, कारण असा पक्षी भर शहरात ट्रॅफिककडे बघत बसलेला दुसरीकडे सहज दिसायचा नाही. गाड्या आपल्यासारख्या डावीकडूनच चालतात त्यामुळे रस्ता ओलांडताना गोंधळ होत नाही.

मग सिक्युरिटी. प्रत्येक मॉलच्या दारात गार्ड, त्यांना तिथे अस्कारी म्हणतात, डिकी उघडायला लावतात, गाडीखाली आरसा फिरवतात, पर्स तपासतात. पहिल्यांदा हे बघून माणूस घाबरतो की इथे नक्की काय चाललंय. सप्टेंबर २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलवर दहशतवादी हल्ला झाला, ६७ जण गेले, त्यात भारतीय वंशाची माणसंही होती, तेव्हापासून हे तपासणं जास्तच कडक झालंय. २६/११ नंतर आपल्याकडे मॉलच्या आणि हॉटेलांच्या दारात जे सुरू झालं तेच, फक्त तिथे ते अजून मन लावून करतात. रोजच्या जगण्यात खरी भीती मोबाईलची. सिग्नलला गाडी थांबलीय, काच खाली आहे, तुम्ही मॅप बघताय आणि फोन गेला, इतकं साधं. काच वर, फोन मांडीवर, रात्री पायी नाही, गर्दीत पर्स पुढे. मुंबईच्या लोकलमधून रोज ये-जा केलेली बाई नैरोबीत आरामात निभावते, हे मी अनुभवाने सांगते.

पैशांचं म्हणाल तर पासपोर्ट दाखवून लोकल सिम घ्या आणि एम-पेसा सुरू करून घ्या. आपण यूपीआयचं कौतुक सांगायला जातो, तिथला भाजीवाला २००७ पासून मोबाईलवर पैसे घेतोय, तेही साध्या बटणाच्या फोनवर, त्यामुळे तो तोरा जरा आवरता घ्यावा. बॅग भरताना दुकानाच्या प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा घालू नका, ऑगस्ट २०१७ पासून तिथे त्यांवर बंदी आहे आणि ती बंदी खरीखुरी आहे, आपल्यासारखी आज आहे उद्या नाही अशी नाही.

मटाटूत बसावं का असंही विचाराल. मटाटू म्हणजे तिथली शेअर बस-मिनीबस, बाहेरून अख्खं चित्र रंगवलेलं, आत निळे दिवे, गाणी इतक्या जोरात की छातीत धडधडतं, आणि कंडक्टर दाराला लटकून पाठीवर थाप मारावी तशी बसच्या पत्र्यावर थाप मारणार. माझं मत, एकदा दिवसाउजेडी, एखाद्या केनियन सहकाऱ्याबरोबर, छोट्या अंतरासाठी जरूर बसा. लेकीला आयुष्यभर आठवेल. रोजच्या जाण्यायेण्याला ॲपवरची टॅक्सी बरी.

आता एक गोष्ट आपल्याच लोकांबद्दल, आणि ही थोडी झोंबेल. हे शहरच मुळात रेल्वेसाठी वसलं. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी १८९६ ते १९०१ मध्ये लाईन टाकली, त्यासाठी हिंदुस्थानातून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले, त्यातले अडीच हजारांच्या घरात मेले, आणि १८९९ ला वाटेतल्या दलदलीच्या माळरानावर रेल्वेचा डेपो पडला ते नैरोबी. मागून दुकानदार आले, बहुतेक गुजराती, आणि गोव्याचे लोक कचेऱ्यांमध्ये आले. केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोव्याचे आणि आई मसाई होती, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. २०१७ ला सरकारने तिथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यताही दिली. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, पार्कलँड्सला गेलात तर ढोकळ्यापासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. पण तुम्ही उतरल्या उतरल्या हीच देशी मंडळी तुम्हाला सांगतील की इकडे जाऊ नका, तिकडे जाऊ नका, यांच्यावर विश्वास ठेवू नका. तीन-तीन पिढ्या तिथे काढून शहराच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत एकदाही न गेलेली माणसं मला भेटलीयत. त्यांचं आदरातिथ्य घ्या, लोणचं घ्या, सल्ला अर्धाच घ्या.

केनियन माणूस बोलायला अतिशय गोड. कामाचं बोलायच्या आधी हस्तांदोलन, कशी आहेस, घरचे कसे आहेत, रात्र कशी गेली, हे सगळं झाल्याशिवाय मुद्द्यावर येणं उद्धटपणा समजतात. आपण दुकानात शिरून थेट "हे केवढ्याला" म्हणतो ना, ते तिथे फार खटकतं. आधी "हबारी?" म्हणा, समोरचा "म्झुरी" म्हणेल, मग भाव विचारा. सकाळी दहाला ऑफिसात चहा होतो, भरपूर दुधाचा, सोबत मंडाझी नावाचा तळलेला गोडसर पाव. शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, कुठल्याही साध्या खानावळीत चपाती आणि न्देंगू मिळतं, न्देंगू म्हणजे आपल्या अख्ख्या मुगाची उसळच. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी. दोन घासांत कळणार नाही, दोनदा खाल्लीत तर आवडेल.

आणि एक गोष्ट जी नवख्या पाहुण्याच्या लक्षात येत नाही पण पुढच्या सगळ्याची किल्ली तीच आहे. नैरोबीतल्या जवळपास प्रत्येक माणसाला गाव असतं. ते त्याला उशागो म्हणतात. कोकणातला माणूस शिमग्या-गणपतीला जसा गावी जातो तशी ही माणसं डिसेंबरात नाताळाला अख्खी शहरातून रिकामी होतात, मटाटूची भाडी दुप्पट-तिप्पट होतात तरी जातात. तिथे आजी असते, काका असतो, घरामागे जमिनीचा तुकडा असतो, मेल्यावर माणसाला तिथेच पुरतात. आता विचार करा, असा देश, जिथे वॉचमनपासून बँक मॅनेजरपर्यंत सगळ्यांना गाव आहे, तिथल्या होममधल्या मुलांना मात्र कुणीच नाही, हे कसं काय?

आता होम. तुम्हाला त्या शनिवारी काय दिसेल ते मी आत्ताच सांगू शकते. फाटकावर रंगीत बोर्ड, बहुतेक वेळा बायबलमधलं वाक्य. आत अंगणात प्लॅस्टिकच्या टबांमध्ये मोठी मुलं स्वतःचे शाळेचे कपडे धूत असतील कारण शनिवार धुण्याचा वार, तारेवर एकाच रंगाचे बारा-पंधरा स्वेटर ओळीने. मुलींचेही केस बारीक कापलेले दिसतील, त्याने हळहळू नका, आजारबिजार काही नसतो, तिथे शाळेत जाणाऱ्या कितीतरी मुलींचे केस असेच असतात. मग मुलं रांगेत उभी राहून स्वागताचं गाणं म्हणतील, एकेक जण पुढे येऊन नाव आणि मोठं होऊन काय होणार ते सांगेल, पायलट, डॉक्टर, पायलट, इंजिनियर, पायलट. व्हिजिटर्स बुक येईल. आणि या सगळ्याच्या मध्येच एक तीन-चार वर्षांची चिमुरडी थेट येऊन तुमच्या मांडीवर बसेल, तुमच्या सरळ केसांत बोटं घालेल, बांगड्या फिरवून बघेल, गळ्यात हात टाकेल, आणि तुम्हाला भरून येईल. येणारच, मी काही दगड नाही, मलाही यायचं.

पण त्या क्षणी जरा बाजूला बघा. तुम्ही उठलात की ती शेजारच्या पाहुणीच्या मांडीवर तशीच बसेल. निघताना रडणार नाही. तुमची स्वतःची लेक तीन वर्षांची असताना अनोळखी बाई घरी आली तर काय करायची? तुमच्या पदराआड लपायची, अर्ध्या तासाने हळूच डोकं बाहेर काढायची. निरोगी मूल असंच वागतं. कुणाच्याही गळ्यात पडणारं मूल आमच्या कामात काळजीचं लक्षण मानलं जातं. पाळीपाळीने बदलणाऱ्या मावश्या, दर शनिवारी येणारे नवे हात, या सगळ्यात एक कायमचं माणूस मिळालं नाही की मूल असं होतं. रुमानियात बुखारेस्टला २००० साली १३६ मुलांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला, संस्थेतली काही मुलं पालक-कुटुंबांत ठेवली, काही संस्थेतच राहिली, आणि वर्षानुवर्षं दोघांची वाढ मोजली. कुटुंबात गेलेली मुलं पुढे गेली, त्यातही जी पहिल्या दोन वर्षांच्या आत गेली त्यांचा फरक सर्वात मोठा. त्यामुळे तुम्हाला जी सर्वात गोड आठवण वाटणार आहे ना, नेमकी तीच मला खटकते, आणि आपण दर शनिवारी नवीन पाहुणे म्हणून जाऊन त्यात थोडी थोडी भर घालतो.

याचा अर्थ होम चालवणारी सगळी माणसं वाईट असा अजिबात नाही. ही होम्स इतकी का झाली याला इतिहास आहे. नव्वदच्या दशकात एड्सने तिथे अक्षरशः घरंच्या घरं रिकामी केली, १९९९ ला सरकारने ती राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. त्याआधी १९९२ मध्ये फादर डॅगोस्टिनो या जेझुइट डॉक्टरने न्युम्बानी नावाचं होम काढलं, कारण एचआयव्ही असलेल्या टाकून दिलेल्या बाळांना तेव्हा कुणी हातच लावत नव्हतं. २००३ ला प्राथमिक शिक्षण मोफत झालं तरी या मुलांना शाळा दारात उभं करेनात, त्यासाठी कोर्टात जावं लागलं. त्या काळात औषध परवडायचं नाही आणि मुलं मरायची. आणि इथे मुंबईचा एक खरा धागा आहे, २००१ साली सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं, तेव्हा बड्या कंपन्यांचे भाव दहा हजार डॉलरच्या आसपास होते. पुढे औषधं आली, आईबाप जगायला लागले, मुलंही जगायला लागली. पण होम्स काही कमी झाली नाहीत, वाढतच गेली. कारण एव्हाना होमला पैसे देणारे लोक तयार झाले होते, आणि जिथे देणारे असतात तिथे घेणारी सोय उभी राहतेच.

मग मुलं कुठून येतात? गरिबीतून. आई नैरोबीत धुणीभांडी करते, खोलीचं भाडं थकलंय, कुणीतरी सांगतं की अमुक ठिकाणी मुलाला शाळा, जेवण, कपडे सगळं फुकट आहे, ती सोडून येते. आपल्याकडे आश्रमशाळेत किंवा बालगृहात पोरं घालतात तेच, यात मला तरी त्या आईला नावं ठेवावीशी वाटत नाहीत. फक्त फाटकावरच्या बोर्डावर मात्र ऑर्फन लिहिलेलं असतं. सरकारी अंदाजाने तिथे खाजगी होम्समध्ये चाळीस-पंचेचाळीस हजार मुलं आहेत, आणि २०२० च्या मार्चमध्ये कोविड आला तेव्हा सरकारने सांगितलं की ज्यांना पाठवता येईल त्यांना घरी पाठवा, तर बघता बघता हजारो मुलं घरी गेलीसुद्धा! जायला घर होतं म्हणूनच ना. घाईत पाठवलं, धड तयारी नाही, पाठपुरावा नाही, तो भाग वाईटच झाला, पण मुद्दा उघडा पडला. त्याआधीच, २०१७ च्या नोव्हेंबरात, नव्या होम्सची नोंदणी बंद केली होती, २०२२ ला नवीन बालकायदा आला आणि त्याच वर्षी दहा वर्षांचं धोरणही, की मुलांनी शक्यतो कुटुंबातच वाढावं.

एक उदाहरण सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. एका होममध्ये नऊ-दहा वर्षांचा मुलगा, फाईलमध्ये लिहिलेलं, नातेवाईक कुणी नाहीत. फाईल म्हणजे दीड पान. त्याला आईचं नाव सांगता येईना, गावाचं नाव सांगता येईना, पण बोलता बोलता म्हणाला की आजी बाजारात ओमेना विकायची आणि बाजाराच्या मागे पाण्याची निळी टाकी होती. ओमेना म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातली बारकी सुकी मासळी, आपल्या सुकटीच्या जातीची, तोच वास. आमचा एक केनियन सहकारी, सोशल वर्कर, एवढ्यावर किसुमूच्या बाजूला गेला, तिथल्या चीफला भेटला, चीफ म्हणजे सरकारी माणूस, साधारण आपल्या मंडळ अधिकाऱ्यासारखा पण गावातल्या भानगडी सगळ्या ठाऊक असलेला, त्याने बराझात म्हणजे गावसभेत विचारणा केली, चर्चमध्ये सांगितलं. दोन बाजार चुकीचे निघाले. तिसऱ्यात मासळी विकणाऱ्या बायकांपैकी एकीने मुलाचा फोटो बघितला आणि काही न बोलता शेजारच्या बाईला ओढत आणलं. आजीला वाटत होतं पोरगा नैरोबीत आईकडे आहे, आई गेलेली तिला कळलंच नव्हतं. म्हातारी भेटायला आली तेव्हा विणलेल्या कियोंडो टोपलीत ओमेना घेऊन आली, होमच्या ऑफिसभर वास, आणि मुलगा तिच्याकडे लगेच गेला नाही, दारातच उभा राहून नुसता बघत राहिला, बऱ्याच वेळाने टोपलीत हात घातला. त्याला घरी पाठवायला पुढे कित्येक महिने लागले, कोर्टाचा आदेश, चिल्ड्रन्स ऑफिसरची गृहभेट, शाळेत नाव, एक गादी, दोन ब्लँकेट, आजीच्या मासळीच्या धंद्याला थोडं भांडवल. हा सगळा खर्च त्याला होममध्ये ठेवण्याच्या खर्चापुढे काहीच नव्हता. पण आजीच्या भांडवलासाठी देणगी मागायला गेलं की लोक तोंड वाकडं करतात, आणि होमला बंक बेड हवेत म्हटलं की लगेच चेक.

तर तुमच्या प्रश्नांकडे. जावं का? जायचंच ठरलं असेल तर मुलं शाळेत असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, आणि मोठ्या माणसांना भेटायला जा. मॅनेजरला, सोशल वर्करला, स्वैपाकघरातल्या मावशीला. चहा प्या त्यांच्याबरोबर. आणि विचारा: नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मिळेल का, इथे मुलं किती आणि सोशल वर्कर किती, गेल्या वर्षी किती मुलं घरी गेली, सुट्टीत कोण कोण नातेवाईकांकडे जातं, आईवडील भेटायला येऊ शकतात का आणि कोणत्या वारी. चांगल्या होममधली बाई या प्रश्नांना खुलते, फाईली काढून दाखवते (नावं झाकून), तक्रारी सांगते, सरकार पैसे देत नाही म्हणून शिव्या घालते. जिथे या प्रश्नांवर विषय बदलतात आणि चला आधी मुलांना भेटू म्हणतात तिथे माझ्या मनात घंटा वाजते. आणि जिथे तुम्ही कोण, कुठले, काही न विचारता मुलांना तुमच्याबरोबर एकटं सोडतात, बाहेर जेवायला न्या म्हणतात, तिथून सरळ निघा, परत जाऊ नका, पैसेही देऊ नका. आज तुम्ही गेलात, उद्या कोण जाईल?

काही होम्स लागतातच, हेही लिहिते, नाहीतर कुणीतरी मला विचारेलच. घरातच अत्याचार झालेली मुलगी, लहान वयात लग्न लावतायत म्हणून पळून आलेली, रस्त्यावर सापडलेलं बाळ, यांना काही काळ सुरक्षित छप्पर हवंच. अशा ठिकाणी पाहुण्यांना सहसा आत घेतच नाहीत, आणि बरोबर करतात.

काय न्यावं? चॉकलेट, सॉफ्ट टॉईज, बार्बी, हे नको. प्रत्येक होमच्या स्टोअररूममध्ये वरच्या फळीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली टेडी बेअर धूळ खात असतात, पाहुण्यांना दाखवायची वस्तू ती, खेळायची नाही. पुण्यातही तेच बघितलंय मी, पितृपक्षात आणि लोकांच्या वाढदिवसांना अन्नदानाची इतकी गर्दी की मुलं एका दिवसात दोनदा जिलबी खायची आणि बुधवारी भाजीला तेल नसायचं. आधी फोन करून विचारा आणि जे मागतील ते तिथल्याच दुकानातून घ्या: सॅनिटरी पॅड, शाळेचे बूट, गॅस, तांदूळ. पैसे द्यायचे तर आकडा मी सांगणार नाही, तो तुमच्या खिशाचा प्रश्न, पण कशासाठी ते ठरवून द्या. सोशल वर्करच्या गावोगावच्या प्रवासखर्चासाठी, किंवा घरी गेलेल्या मुलाच्या शाळेच्या खर्चासाठी द्या. रोख कुणाच्या हातात नको, संस्थेच्या एम-पेसा पेबिल नंबरवर (म्हणजे संस्थेच्या नावाच्या खात्यावर) किंवा बँकेत, पावती घेऊन. ते जर म्हणाले की असा आमचा काही खर्च नाही, आम्ही मुलांना घरी पाठवत नाही, तर तेच तुमचं उत्तर समजा आणि पैसे दुसऱ्या एखाद्या कुटुंबांसोबत काम करणाऱ्या संस्थेला द्या. आपल्याकडे महाराष्ट्रात बालसंगोपन योजना नेमकी यासाठीच आहे, मूल संस्थेत न टाकता घरात राहावं म्हणून दरमहा मदत, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही, फक्त परदेशात गेलं की आपण ती विसरतो.

फोटो एकही नाही. स्टेटसला तर नाहीच. आपल्याकडे बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणं २०१५ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग तिथल्या मुलाची इज्जत काय कमी? मॅनेजर स्वतः म्हणाली काढा तरी नाही. आणि तीन आठवड्यांत मोकळा वेळ आहे म्हणून शिकवायला जाते असं काही मनात असेल तर तेही नको. पर्यटक म्हणून आलेल्याला स्वयंसेवी कामही परवान्याशिवाय करता येत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तीन आठवडे लळा लावून निघून जाणारी अजून एक ताई त्या मुलांना नकोय.

लेकीला नेऊ नका. यावर मला खूप लोकांचा राग सहन करावा लागतो, कारण आईबापांना वाटतं पोरांना दुसऱ्याचं दुःख कळावं, आपल्याकडे काय आहे त्याची किंमत कळावी. त्यासाठी दुसऱ्याच्या मुलाला प्रदर्शनात उभं करायची गरज नाही. लेकीला केनियन मुलं भेटवायचीच असतील तर नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या घरी जा, त्यांच्या पोरांबरोबर तिला खेळू दे, भांडू दे, तिथे ती बरोबरीची असेल. आणि रविवारी सकाळी लवकर नैरोबी नॅशनल पार्कला न्या, ११७ चौरस किलोमीटरचं, १९४६ पासूनचं, शहराला अगदी चिकटून, एका फोटोत जिराफ आणि मागे उंच बिल्डिंगा येतात. सकाळी सहाला गेट उघडतं तेव्हाच आत शिरा, सिंह दिसला तर तेव्हाच दिसेल.

शेवटचं कागदपत्रांचं, कारण यातच लोक अडकतात. केनियाला आता व्हिसाऐवजी ऑनलाईन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढायचा असतो, लेकीचा वेगळा. यलो फीवरची लस जाण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्या, अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तिकीट काढलं की त्याच दिवशी चौकशी करा. ते पिवळं कार्ड परत येताना मुंबईला बघतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, तेवढं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा.